दिराची पांढरी भुकटी
आज पापडाच्या पिठात खार घालताना हात थांबला. दीर जळगावला कॉलेजात होता, तेव्हा त्याने पांढऱ्या भुकटीची बाटली घरी आणली होती. "वहिनी, हाई साधी भुकटी नई शे. हिच्यात बारीक बिळं आहेत. गॅसचे कण आत शिरून एकमेकांना जोडले जातात, तेल होऊन निघतात. पुण्याच्या कंपनीतल्या साहेबांना करून दाखवलं की तिथं नोकरी पक्की." झाडताना माझ्या हातून अर्धी सांडली. भीतीने मी बाटलीत तेवढाच पापडखार मिसळून ठेवला. आठवड्याने तो पुण्याहून परतला. "गॅस गेला तसाच बाहेर आला, वहिनी. माझ्या हातालाच गुण नाही." मी खाली मान घालून भाकर वाढली. आता तो धुळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो. प्रयोग मात्र करून दाखवत नाही, फळ्यावर लिहून देतो.