चार माणसांचा बंगला

कुठलं काम घ्यायचं आणि कुठलं सोडायचं, हे मला हल्ली पहिल्या भेटीतच कळतं, असं लोकांना वाटतं. तसं काही नाही, मी फक्त हट्टी आहे. पहिल्या भेटीत मापाची टेप पर्समधून बाहेर काढत नाही. घरात राहणारी सगळी माणसं समोर बसवा म्हणते. झोपलं असेल त्याला उठवा, शेजारी गेलं असेल त्याला बोलवा. काहींना राग येतो आणि ते दुसरा डिझायनर बघतात. खुशाल बघोत. हा हट्ट मला चिकलठाण्याच्या एका बंगल्यानं लावला.

तेव्हा धंदा सुरू करून चार वर्षं झाली होती. पडेगावकडच्या नव्या फ्लॅटांमध्ये किचनच्या ट्रॉल्या, टीव्ही युनिट, चपलांची कपाटं असलीच कामं मी करत होते. अख्खा बंगला कधी वाट्याला आला नव्हता. तो मिळाला तर माझ्या कामाला घरचे 'पोरीचा छंद' म्हणायचे थांबतील, एवढीच माझी आशा होती; पण ती फार मोठी होती.

बंगल्याचे मालक कारखान्यांना सुटे भाग पुरवायचे. बोलायला गोड. घरात कोण कोण असतं, हा माझा तेव्हाही पहिला प्रश्न असायचा. ते म्हणाले, आम्ही दोघं आणि दोन मुलं. मी वहीत चार माणसं लिहिली, चौघांच्या सवयी लिहिल्या आणि निघाले. एकाच्या तोंडून घर ऐकून घ्यायचं आणि खरं मानायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड.

मापं घ्यायला गेले त्या दिवशी माझे मिस्त्री उशिरा येणार होते. तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. खिडकीजवळच्या कॉटवरून एक म्हातारी उठली आणि म्हणाली, आण इकडं, मी धरते. त्या मालकांच्या आई होत्या. टोक भिंतीला घट्ट दाबून त्यांनी विचारलं, माझी खोली करायलीस का? मी हो म्हणाले. हो म्हणायला काय जातंय, असं मला तेव्हा वाटलं असेल. मग त्या मोकळेपणी सांगायला लागल्या. कॉट खिडकीपाशीच राहू दे, फाटक दिसतं आणि दम लागला की वारा येतो. फळी खाली लाव, हात वर जात नाही. मी सगळं नीट लिहून घेतलं.

बाहेर हॉलमध्ये मालकांना विचारलं तेव्हा कळलं, ती खोली होम थिएटरची होती. खिडकी बंद करायची होती, कारण पडद्यावर उजेड येतो. मग आई? आईचं फर्दापूरला धाकट्या भावाकडे ठरलं होतं. त्याचं तिथं नाश्त्याचं हॉटेल होतं, मागे दोन खोल्या होत्या. कायमचंच.

"तिला अजून सांगितलं नाय," मालक म्हणाले. "मी सांगितलं तर लई रडारड होईल. तुम्हीच सांगा ना मॅडम, काम काढलंय, धूळ हाय, दोन महिने तिकडं राहा म्हणून. तुमचं ऐकंल ती."

मी वही मिटली. तेवढ्यात त्यांनी सहज सांगितल्यासारखं सांगितलं की आणखी एक डिझायनर घर बघून गेलेत. आवाज तितकाच गोड होता. सोन्याची सुरी म्हणून कुणी पोटात खुपसून घेत नाही, हे मला लहानपणापासून ऐकून पाठ होतं. तरी मी उठले आणि मागच्या खोलीत गेले.

मालक दारात उभे राहिले. मी म्हणाले, मावशी, इथं फार धूळ होणार, तुम्हाला दम्याचा त्रास होईल, दोन महिने धाकट्यांकडे राहा. माझा आवाज मलाच परका वाटत होता. त्यांनी एकदा लेकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. लेकाला त्यांनी काही विचारलं नाही. मला विचारलं, दोनच महिने ना? मी म्हणाले, दोनच. त्या कपड्यांची पिशवी शोधायला लागल्या.

काम सुरू झालं. दर आठवड्याला मी मालकांना विचारायचे, आईंना खरं सांगितलं का? सांगतो सांगतो, म्हणायचे. अनोळखी नंबरवरून फोन आला की आईंचाच असेल म्हणून मी तो वाजू द्यायचे. पाचव्या आठवड्यात खिडकीवर प्लाय ठोकायची वेळ आली. माझे मिस्त्री पहिल्या कामापासून माझ्याबरोबर आहेत, कमी बोलणारा माणूस. त्यांनी हातातलं ड्रिल खाली ठेवलं.

"मॅडम, ये तो अम्मा की खिडकी है ना? अम्मा को मालूम है?"

आपण काम करायला आलोय, मी फटकन बोलले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. त्यांनी स्क्रू मारले. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन बाहेर झाडाखाली बसले, एरवी आम्ही एकत्र जेवायचो. अजून वेळ होता. एक फोन करायचा होता फक्त, आणि मी तो केला नाही.

दोन महिने पुरे झाले त्याच दिवशी दुपारी फाटक वाजलं. त्या एकट्याच एस.टी.नं आल्या होत्या, तीच पिशवी घेऊन. मालक कारखान्यात, सूनबाई मुलांना आणायला शाळेत. घरात मी आणि मिस्त्री. कुणाला काही न विचारता त्या थेट मागच्या खोलीत गेल्या. भिंतींना काळं कापड लागलं होतं. त्यांनी खिडकी होती तिथं हात फिरवला, मग जरा बाजूला फिरवला, जणू त्यांचीच जागा चुकली असावी. मिस्त्री खोलीतून बाहेर निघून गेले.

आता लपवायला काही उरलं नव्हतं. मी सांगितलं की तुमची खोली राहिली नाही मावशी, ठरलं तेव्हाच नव्हती. आणि मला ते माहीत होतं. माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच थांबवलं. जमिनीवर प्लायचे तुकडे रचले होते, त्यावर त्या बसल्या. दम लागला होता.

"पोरानं सांगितलं असतं तर मला तवाच समजलं असतं," त्या म्हणाल्या. "त्याचं खोटं मला लहानपणापासून ओळखू येतं. तू सांगितलंस, म्हणून खरं वाटलं."