पाणाड्या मामा आणि एमआरआयचा नकाशा

आधीच सांगतो... भूत, भानामती, नजर, यातलं मी काही मानत नाही. त्यातही पाणाड्या तर मुळीच नाही! बुऱ्हाणपूरला शनवारा पेठेत माझं सबमर्सिबल पंपांचं दुकान आहे. तळहातावर आडवा नारळ ठेवून शेतात फिरणारे आणि नारळ उभा राहिला की "इथं खोदा" म्हणणारे पाणाडे मी ढिगाने पाहिलेत. त्यांच्या शब्दावर मारलेल्या कोरड्या बोअर एकाखाली एक जोडल्या, तर माणूस थेट पाताळात उतरेल.

आणि माझ्याच नशिबी रामामामा! बायकोचे सख्खे मामा, देडतलाई गावचे नामी पाणाडे.

सुमन, म्हणजे माझी बायको, तेव्हा दोन महिने आडवी झोपली नव्हती. पाठ टेकली की जीव घाबरा. तीन उशांना रेलून बसायची, चार पायऱ्या चढली की ओठ निळे. एक्स-रे साफ. एक डॉक्टर म्हणाले दमा, दुसरे म्हणाले गॅस, तिसरे म्हणाले टेन्शन. "टेन्शन म्हणजे हेच," असं तिने माझ्याकडे बोट करून जाहीर केलं. मी हसलो खरा, पण रोज तिच्या श्वासाकडे कान लावून बसायचो.

अशात एका दुपारी मामा केळीचा घड घेऊन आले. भाचीकडे पाहिलं, देवघरातला नारळ उचलला, तळहातावर आडवा ठेवला आणि खाटेभोवती फिरू लागले. छातीशी आले, आणि आईशप्पथ, नारळ उभा! नुसता उभा नाही, भोवऱ्यासारखा गरगरला!

"पोरीच्या छातीत पाणी शे."

"किती फुटांवर लागेल मामा? किती हॉर्सपॉवरचा पंप देऊ?"

"जावईबापू, पयले तुमच्या तोंडाची मोटर बंद करा."

जुन्या लग्नपत्रिकेमागे त्यांनी कोळशाने दोन फुफ्फुसं काढली, दुधी भोपळ्यासारखी. दोन्हीकडे तळाशी रेघा मारल्या, डावीकडे दाट. मग उजवीकडे वर, खांद्याखाली, वाटाण्याएवढा ठिपका. "हा येगळा झरा शे. बारीक."

झालं! सुमन हट्टाला पेटली, "मामा पाणी म्हणताहेत ना? मग मोजून आणा!"

फुफ्फुसातलं पाणी मोजतं कोण? विचारत विचारत, मामांनाही घेऊन, इंदूरला पोहोचलो. तिथे एका हॉस्पिटलात तरुण डॉक्टर मॅडम एमआरआयने नेमकं हेच मोजायची नवी पद्धत वापरून पाहत होत्या. "फुफ्फुसात हवाच जास्त," त्या म्हणाल्या, "म्हणून साध्या एमआरआयला ते काळंच दिसतं. पण चुंबकाने हाक मारली की पाणी क्षणभर ओ देतं. तेवढ्यात पकडायचं."

"म्हणजे मॅडम, तुम्हीपण पाणाड्याच!"

एमआरआयच्या खोलीच्या दारावरच्या माणसाने मामांना अडवलं. "बाबा, लोहे का कुछ है?"

"नारियल है. चलेगा?"

"अंदर पेशेंट जाएगी, नारियल नहीं!"

पण मशीनमध्ये पाठ टेकूनच झोपावं लागतं... सुमनने माझा हात असा आवळला की बोटं अजून वाकडी आहेत. "मिनिटभरच," मॅडम म्हणाल्या. त्या मिनिटात मी निम्म्या आयुष्याने म्हातारा झालो.

मग स्क्रीनवर रंगीत नकाशा उमटला. दोन्हीकडे तळाशी पाणी, डावीकडे जास्त. आणि उजवीकडे वर, खांद्याखाली, वाटाण्याएवढा ठिपका!

मी लग्नपत्रिका उलटी करून शेजारी धरली. मॅडमनी एकदा पत्रिका पाहिली, एकदा स्क्रीन, मग पुन्हा पत्रिका.

"हा स्कॅन कुठल्या सेंटरला काढलात?"

"देडतलाई," मी छाती फुगवून म्हणालो.

हृदय दमलं होतं, म्हणून पाणी मागे फुफ्फुसात तुंबत होतं. औषधं बदलली. काही आठवड्यांनी पुन्हा मोजलं, तर नकाशा जवळजवळ कोरडा! मी हॉस्पिटलच्या गेटवर असा नाचलो की दोन रिक्षावाल्यांनी कुणाची वरात म्हणून विचारलं.

आडवं होताच धाप लागते म्हणजे पाणी, हे एखादा अनुभवी माणूस ओळखेलही. पण तो ठिपका? मॅडम म्हणाल्या योगायोग, आणि हळूच मामांचा नंबर मागून घेतला. मामांना विचारलं तर म्हणतात, "मले काय माहीत? नारळाले इचारा." मी विचारलंही. दार लावून विचारलं. त्याने सांगितलं नाही.

सुमन आता जेवण झालं की सतरंजीवर सरळ उताणी पसरते आणि असं घोरते की पार बुधवारा पेठेतले लोक दुकानात येऊन विचारतात, "शेठ, कोणता पंप चालू आहे?"