निळ्या अंगाचा पैलवान

सकाळी गिरणीकडे जाताना साखर पेठेच्या एका वळणावर मी अजूनही धोतराचा सोगा नाकाशी धरतो. तिथं रंगाऱ्यांचे कारखाने आहेत. बांबूंवर ओल्या सुताच्या लडी निथळत असतात, गटारातून कधी जांभळं, कधी मोरपंखी पाणी वाहतं आणि त्यावर एक वास तरंगत असतो. उकळत्या सोड्याचा, भिजल्या कापसाचा आणि त्याखाली आणखी कशाचा तरी, गंजलेल्या लोखंडासारखा. आमच्या गावच्या माणसाला हा वास एरवी जाणवतही नाही. मला जाणवतो, कारण एका माणसाच्या अंगाला तो लागलेला मी पाहिला आहे.

तो माझा मावसभाऊ. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, तालमीत वाढलेला. अंगानं उत्तम, पण त्याला देवाचं खरं देणं वेगळंच होतं. तो नकला करायचा. वस्ताद मिशीला पीळ देत आखाड्याच्या कडेनं कसे फिरतात, मारुतीपुढं नारळ फोडताना कसे डोळे मिटतात, हे तो इतकं हुबेहूब करी की पोरं जोर मारता मारता मातीत लोळत. वस्तादांनीही एकदा ते पाहिलं. हसले नाहीत. "मातीत सोंग आणू नगंस. माती ध्यानात ठिवती," एवढंच म्हणाले.

त्या सुमारास एक ठेकेदार तंबू घेऊन गावोगाव हिंडत होता. तिकीट लावून कुस्त्या. पण कुस्त्या कसल्या, सोंगंच ती. कोण जिंकणार, कोण पडणार, हे आधीच ठरलेलं. अशा कुस्तीला आमच्याकडे नुरा म्हणतात आणि तालमीतला माणूस तो शब्द थुंकल्यासारखा उच्चारतो. भाऊ त्या तंबूत गेला. पहिल्यांदा शिंगं लावून रेडा झाला. मग अंगाला सफेदा फासून विलायतेचा गोरा पैलवान झाला; तो शेवटी चितपट झाला की लोक टोप्या उडवत. पण त्याचं नाव झालं ते निळ्या वेताळानं. दात विचकत, जमीन हुंगत, तंबूतल्या चौघा गड्यांना आडवं पाडून त्यांच्या अंगावर पाय देत तो आत यायचा. वैरागला, टेंभुर्णीला बायका पोरांना दटावायच्या ते त्याचं नाव घेऊन. वेताळ दर खेळात हरायचा. हरण्यासाठीच तो होता.

अडचण एकच होती. अंगाला फासलेली नीळ घामानं उतरायची. कुस्ती अर्ध्यावर आली की वेताळाची पाठ गव्हाळ व्हायची आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, "ए वेताळा, तुझी भिंत पोपडली की रं!" ठेकेदार चिडायचा. तेव्हा आपल्या गावाच्या माणसालाच सुचावं असं भावाला सुचलं. सुताचा रंग धुतला तरी जात नाही, मग तोच का नको? तो मला बरोबर घेऊन रंगाऱ्याकडे गेला. रंगारी म्हातारा, घरी तेलुगू बोलणारा, कोपरापर्यंत हात काळेनिळे झालेला. त्यानं ऐकलं आणि डोक्याला हात लावला.

"पैलवान, ह्ये सुतासाठी हाय. सूत मेलेलं असतं, म्हणून धरतंय. तू जिता हाईस की."

"तुमचं हात बी जितंच हायेत की, मामा."

"म्हणून तर सांगतो," म्हातारा म्हणाला आणि हात धोतरात लपवले.

भावानं ऐकलं नाही. दोन हंगाम त्यानं तो रंग अंगाला लावला. तंबू गाजला. घरी मात्र त्याची वाकळ घामानं निळी पडे. मावशी ती उन्हात टाकून झोडपत राही. मग त्याला खोकला लागला. नखांच्या मुळाशी, कानांमागं, मानेच्या वळ्यांत रंग बसला तो बसलाच. माझं काम गिरणीत सुताच्या काट्यावर. अंदाजानं बोलायची मला सवय नाही. एका रविवारी मी त्याला त्या काट्यावर उभं केलं. आकडा पाहिला आणि काटा अडकला असेल म्हणून पुन्हा तोलला. काटा ठीक होता.

त्याच संध्याकाळी तो म्हणाला, "दादा, मला येक कुस्ती खरी करायचीय. माझ्या नावानं. गड्ड्याच्या जत्रंत. हरलो तरी चालंल."

आमच्या तालमीची रीत अशी, की नुरा खेळलेल्याला हौद्यात पाय ठेवू द्यायचा नाही. ताक, तेल, हळद घालून वर्षानुवर्षं मळलेली ती माती. तिच्याशी खोटं बोललेला माणूस तिच्यात उतरत नसे. भाऊ उंबऱ्याबाहेर बसून राहिला. शेवटी वस्ताद बाहेर आले. "अंगावरचा रंग गेला की ये," म्हणाले.

त्यानं तंबू सोडला. चिंच, राख, शिकेकाई, रॉकेल, विटेचा तुकडा, सगळं झालं. कातडं सोलून निघालं, त्याखालून आलेलं नवं कातडंही राखाडी निळंच होतं. ते पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली. जत्रा आली तरी तालमीचं दार त्याला उघडलं नव्हतं.

तो तसाच मैदानात उतरला. हलगी वाजत होती. जोड, म्हणजे बरोबरीचा गडी, मागायची रीत असते तसा तो हात वर करून आखाड्याला फेरी घालू लागला. अर्धी फेरी झाली असेल. लोकांनी ओळखलं. "वेताळ आला! आरं, ह्यो तर धुवून आलाय!" हशा पिकला. तो दात विचकत नव्हता, जमीन हुंगत नव्हता, नुसता चालत होता आणि लोक म्हणत होते, आज काय नवं सोंग आणलंय!

सांगोल्याकडचा एक धनगर गडी पुढं आला, पण जवळून अंग पाहताच थबकला. "पंच, ह्याला काय रोग हाय का? मी न्हाय हात लावणार." भावानं पुढं केलेला हात तसाच राहिला.

पंचांत वस्ताद बसले होते. ते उठले, खाली उतरले, ओंजळभर माती घेतली आणि त्याच्या मानेला, छातीला, पाठीला स्वतः चोळली. निळं काही दिसेना. "माझ्या तालमीचा गडी हाय," ते म्हणाले. "लाव कुस्ती."

कुस्ती फार वेळ चालली नाही. भावानं एकदा पायाला हात घालून पट काढला, अगदी सुरेख. पण श्वास पुरला नाही. धनगरानं त्याला उचलून पाठीवर टाकला. मैदान हर्षानं उसळलं. वेताळ हरायचाच असतो, हे त्यांना ठाऊक होतं. तो उठला, धनगराच्या गळ्यात पडला आणि माझ्याकडे आला.

"दादा, खरी हुती."

"पाहिली मी."

"लोकं हसत हुती न्हवं?"

मी खोटं बोलत नाही. "हो," म्हणालो.

पुढच्या पावसाळ्याआधी तो गेला. त्याच्या सोंगांच्या कुस्त्या हजारोंनी पाहिल्या, अजून आठवणीनं सांगतात. खरी कुस्ती त्यानं एकच केली. पाहिली तीही हजारोंनी, पण ती खरी होती हे चौघांनाच माहीत होतं. त्यातला एक तो स्वतः. वस्ताद गेल्या वर्षी वारले. तो धनगर गडी कुठं असेल तर असेल, आणि आपण एकदा निळ्या वेताळाला चित केलं हे कट्ट्यावर बसून सांगत असेल. ऐकणारे हसत असतील, आता बहुधा तोही ते सोंगच समजून हसत असेल. म्हणजे उरलो मी. मलाही अलीकडे जिना चढताना मध्ये थांबावं लागतं.