फुलाफुलांच्या झग्यातला जबाब

"श्वास आत घ्या, ताई."

"घेतलाय की! आणखी घेतला तर सोडायला जागा उरणार नाही."

"मग पोट आत घ्या."

"पोट कुठं नेऊ गं? लग्नापासून तिथंच राहायला आहे ते."

धाकट्या जावेने झग्याची चेन दोन्ही हातांनी धरली, गुडघा थोरलीच्या कमरेला लावला आणि असा हिसका मारला की चेन पाठीच्या मध्यापर्यंत चढली. तिथं ती रुसून बसली. वरही जाईना, खालीही येईना.

झगा पिवळ्या फुलांचा, घोळदार. जाऊ कपड्याच्या दुकानात गिऱ्हाइकं बघते, तिथूनच आणलेला, तिच्या मापाचा. आता जाऊ म्हणजे केरसुणीची काडी आणि थोरली म्हणजे भरलेलं पोतं. या पोत्याला गावात सगळे भोंगाबाई म्हणतात. ती पोलीस ठाण्यात हवालदारीण आहे. ठाण्याच्या पायरीवर उभी राहून ती "पुढं चला" म्हणाली, की बाजारातली माणसं तर चालतातच, बांधलेल्या शेळ्याही दोन पावलं सरकतात.

जन्म गणवेशात गेलेला. घरात गाऊन, बाहेर खाकी, यामधलं तिसरं काही कपाटात नाही. आणि आज साहेबांनी हुकूम सोडला होता, साध्या कपड्यात जायचं.

त्याचं कारण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बाजारापलीकडच्या गल्लीत एक शाळकरी पोर होती. शिकवणीचे सर तिच्याशी नको तसं वागले होते. पोरीने आईला एकदाच, तेही अर्धंमुर्धं सांगितलं. आई तडक ठाण्यात आली. मग काय झालं, तर नवीन आलेला फौजदार उत्साहाच्या भरात जीप घेऊन, टोपी घालून, खाडखाड बूट वाजवत पोरीच्या दारात गेला. पोर जी टेबलाखाली शिरली ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. त्यानंतर आईशीही त्या गोष्टीवर बोलेना. इकडे सर मजेत. बाकीच्या पोरांची शिकवणी रोजच्यासारखी चालू.

साहेबांनी फौजदाराला आधी चांगला धुतला, मग भोंगाबाईला बोलावलं.

"बाई, कायदा सरळ आहे. लहान पोराचा जबाब त्याच्या घरी घ्यायचा. बाईमाणसानं घ्यायचा. अंगावर गणवेश नको. जवळ त्याच्या विश्वासाचं माणूस हवं. आणि लिहायचं ते पोराच्याच शब्दांत, आपले शब्द घुसडायचे नाहीत. पोर बोललं नाही तर त्या माणसाला आपण हात लावू शकत नाही. कळलं?"

"कळलं, साहेब!"

"आणि हळू बोला. खिडकीच्या काचा सरकारी आहेत."

तर ही अशी पाठ अर्धी उघडी. जावेने वरून ओढणी टाकली.

"आता चपला घाला माझ्या."

भोंगाबाईचा पाय जावेच्या चपलेत अंगठ्यापुरता गेला. शेवटी ती ड्यूटीचेच तपकिरी बूट चढवून मोकळी झाली. "झगा जमिनीपर्यंत आहे. कोण बघतंय खाली?"

जावेच्या स्कूटरवर मागे बसली तर झगा फुग्यासारखा फुगला. चौकातल्या शिपायाला समोरून एक पिवळा तंबू येताना दिसला. त्याने शिट्टी मारून स्कूटर अडवली, तंबूतलं तोंड बघितलं आणि शिट्टी तोंडात तशीच ठेवून सलाम ठोकला.

"मर मेल्या," भोंगाबाई दातओठ खात म्हणाली, "मी साध्या कपड्यात आहे! ओळखू नकोस मला!"

"बरं मॅडम!" म्हणून त्याने पुन्हा सलाम ठोकला. जाऊ हसून हसून स्कूटर नागमोडी चालवायला लागली.

गल्लीच्या तोंडाशी भोंगाबाई उतरली आणि एकटीच चालत गेली. पोलीस कुठल्या पोरीच्या घरी आलेत, हे शेजारपाजारच्यांना कळता कामा नये, हेही कायद्यातच आहे. आईने दार उघडलं. रात्ररात्र झोप नसलेला चेहरा. तिने आधी झग्याकडे बघितलं, मग ओढणीकडे.

"मीच ती," भोंगाबाई कुजबुजली. तिच्या कुजबुजण्यानं मांडणीतली पातेली किणकिणली.

"आत या. टेबलाखाली आहे. दार वाजलं की शिरते."

भोंगाबाई खोलीत गेली. टेबलावर लोंबतं कापड, त्याखाली अंधार. आणि अंधारातून बघणाऱ्याला काय दिसणार? वरची फुलं नाही, ओढणी नाही. दिसले ते बूट.

"आई," खालून बारीक आवाज आला, "पोलीस आलेत."

आईचा चेहरा पडला. नाही म्हणावं, मी मावशी आहे म्हणून सांगावं, असं भोंगाबाईच्या मनात आलंच. पण या पोरीला एका मोठ्या माणसाने आधीच पुष्कळ फसवलेलं. दुसऱ्याने भर कशाला घालायची?

"हो, पोलीस आहे," ती म्हणाली. "खाली बसू का?"

ती बसायला वाकली आणि पाठीवर कमरेपर्यंत टर्रर्र झालं.

मग टेबलाखालून खुदकन एक आवाज आला. मग दुसरा. आईने तोंडावर हात ठेवला, पण हसू बोटांच्या फटीतून फुसफुसत बाहेर आलंच. कापड वर झालं आणि दोन वेण्यांचं डोकं दिसलं.

"फाटला."

"फाटला तर फाटला. जाऊ मारणार आता मला."

"तू मला न्यायला आलीस?"

"तुला कशाला? तू काय केलंस?"

"सर म्हणाले, कुणाला सांगितलं तर पोलीस मला नेतील."

भोंगाबाईच्या गळ्यात असा काही आवाज उठला की बाहेर आला असता तर गल्लीतली सगळी दारं उघडली असती. तिने तो गिळला.

"सर खोटं बोलले. कायदा नेमका उलटा आहे. लहान पोराला त्रास दिला, तर जो देतो त्याला न्यायचं. पोराला नाही. पोराच्या घरी तर गणवेश काढूनच जायचं. म्हणून तर माझी ही दशा झालीय."

पोरीने विचार केला. "म्हणजे हे माझ्यासाठी घातलंस?"

"मग? मला काय हौस आहे जिवाची कोंडी करून घ्यायची?"

पोर बाहेर आली, मागे जाऊन फाटकं निरखून बघितलं आणि हुकूम सोडला, "आई, पिनांचा डबा दे. आणि तू हलू नकोस."

हवालदारीण हलली नाही. मांडीवर कागद घेऊन बसली. आई शेजारी. पाठीमागे पोर एकेक पिन लावत होती, आणि तिसऱ्या-चौथ्या पिनेच्या सुमाराला बोलायला लागली. समोर कुणाचा चेहरा नव्हता, नुसती पिवळ्या फुलांची एक रुंद पाठ होती. पाठीशी बोलणं सोपं जातं.

ती काय बोलली ते इथं लिहायचं नाही. ते तिचं आहे, आणि कोर्टाचं. एवढंच सांगतो, मध्ये दोनदा पिन थेट मांसात गेली आणि भोंगाबाईच्या तोंडून हूं की चूं आलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं, ते पिनेचं म्हणून खपून गेलं.

मग तिने लिहिलेलं वाचून दाखवलं. पोरीने मध्येच अडवलं.

"मी घाबरले असं म्हटलंच नाही. पोटात दुखायचं, असं म्हटलं मी."

"खरंच की. चुकलं माझं." तिने तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, पोटात दुखायचं.

"आता बरोबर आहे."

"आता एकदम बरोबर आहे."

"सर उद्या शिकवणी घेतील?"

"आज संध्याकाळचीसुद्धा घेणार नाहीत."

भोंगाबाई उठली तेव्हा पाठीवर पिनांची अख्खी रांग चमकत होती. पोर दारापर्यंत आली आणि आईला म्हणाली, भूक लागलीय. बऱ्याच दिवसांनी आपणहून मागितलं होतं तिने. आई स्वयंपाकघराकडे अक्षरशः पळाली.

दुपार कलायच्या आत सरांना ठाण्यात आणलं. इस्त्रीचा शर्ट, तोंडात वरच्या माणसांची नावं. साहेबांनी सगळी नावं ऐकून घेतली आणि त्यांना कोठडीत पाठवलं. कोर्टाचं पुढं पुष्कळ आहे. साहेब म्हणाले, "जबाब पक्का आहे, बाई. पोरीचा शब्द न् शब्द तिचाच वाटतो." भोंगाबाई आपल्या टेबलाकडे वळली. तिथं तक्रारवाल्यांची रांग खोळंबली होती. पहिल्याच खुर्चीत एक म्हातारा तावातावाने बसलेला, शेजाऱ्याच्या कोंबड्याने त्याची रोपं उकरली होती.

तिने खुर्ची ओढली, नवा कागद घेतला.

"हं बाबा. कोंबडा रंगाने कसा होता, ते आधी सांगा."