फोटोतली एकटी

बटणवाली म्हणजे शिंप्यांच्या गल्लीतली सगळ्यात हळू बोलणारी बाई. दिवसभर शर्टांना काजं करायची, बटणं लावायची, आणि बोललीच तर दातात दोरा धरून. अशी बाई एकाच महिन्यात दोनदा छापून आली, आता बोला!

झालं काय, रंगाच्या कारखान्यामागच्या विहिरीला लालसर पाणी यायला लागलं. पिणार तेच, दुसरं कुठून आणणार? गल्लीतल्या तीस बायका फाटकासमोर जाऊन बसल्या. मागणी एकच, पाणी तपासा. पुढच्या रांगेत बसलेल्या बटणवालीबद्दल गावच्या पेपरानं छापलं, 'भोळ्या बायकांना चिथावणारी कारखान्याची वैरीण.'

तिची जाऊ खो खो हसली. "ही चिथावणार? हिला दूधवाल्याला दोन शब्द सुनवता येत नाहीत!"

मग परदेशी मासिकाची फोटोवाली आली. तिनं खुणेनं बाकीच्यांना बाजूला केलं. बायका बिचाऱ्या भिंतीकडेला उन्हात उभ्या, आणि बटणवाली एकटीच फाटकाशी. नको म्हणायचं राहूनच गेलं. छापून आलं, 'बलाढ्य कारखान्याशी झुंजणारी एकाकी माता.' शाळेच्या मास्तरांनी गल्लीला अर्थ सांगितला.

"एकाकी?" जाऊ म्हणाली. "मग आम्ही काय तिथे माश्या मारत होतो?"

"अगं, मी कुठे तसं म्हटलं?"

"आम्हाला उठवलं तेव्हा गप्प बसलीस ना! आता उद्याही बस एकटीच."

उद्या म्हणजे सरकारी कचेरीत पाण्याच्या अर्जाची सुनावणी. एकटीदुकटीला साहेब दारातूनच वाटेला लावायचे. बटणवालीनं सुई खोचून ठेवली आणि घरोघर फिरली. "चुकलं माझं. तुमच्याबरोबर मीही उठायला हवं होतं." कुणी चहा दिला, कुणी नुसतं हं केलं. येते, असं मात्र एकीनंही म्हटलं नाही.

सकाळी कचेरीत बघते तर बाकावर जाऊ, आणि जिना बायकांनी गच्च!

साहेबांनी चष्मा सावरला. "फोटोतली कोण? तिनं बोलावं, बाकीच्यांनी बाहेर थांबावं."

बटणवाली उभी राहिली. "साहेब, बाकीच्या बाहेर, तर मीही बाहेर."

जावेनं लाल पाण्याची बाटली टेबलावर आपटली. "बोलायला सगळ्या आहोत साहेब. आधी घोटभर घेता का?"

साहेबांनी बोटानं बाटली लांब सारली आणि कारकुनाला हाक मारली, "नमुना तपासायला पाठवा. अर्जदाराचं नाव लिहून घ्या."

कारकुनानं पेन उघडलं. तीसच्या तीस जणींनी आपापलं नाव सांगितलं. त्याचं जेवण तेवढं राहिलं.