बारा मीटरवरची टाकी

हसायचं तर हसा, पण आधी ऐकून घ्या. जन्मभर कारखान्यात पंपांची गणितं करणाऱ्या माणसाने स्वतःच्या बाथरूमची वाट लावली. तो माणूस तुमच्यासमोर चहा पितोय!

झालं काय, सुनंदा, म्हणजे आमची ही, टोरांटोला मुलीकडे गेली. नातीसाठी. 'लवकर येते' म्हणाली आणि मुक्काम वाढतच गेला. इथे मुलुंडला मला घर खायला उठलं. सवयीने दोघांचा चहा टाकायचो, तिचा कप तसाच गार व्हायचा. एकदा ती फोनवर म्हणाली, "इथला शॉवर काय झकास आहे हो! आपल्याकडे नुसतं ठिबकतं."

मला वाटलं, शॉवर सुधारला की ही परत येणार. या वयात माणूस किती येडा होतो बघा!

आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी गच्चीत. गच्चीवरून टेप सोडून शॉवरपासून पाण्यापर्यंतची उंची मोजली. बारा! घनता गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची. दाब आला एक बारच्या वर. नव्या रेन शॉवरला एकच बार पुरतो. लगेच ताटाएवढा शॉवर आणून बसवला.

नळ सोडला. टप. टप.

माझं गणित चुकेल? शक्यच नाही! "पाइप चोंदलाय," मी प्लंबरला ठणकावलं.

"साहेब, पाइप नवीन आहे ना."

मी ऐकतो होय? भिंत फोडायला लावली, सुनंदाच्या लाडक्या निळ्या टाइल्ससकट. आत पाइप एकदम साफ.

नेमका तेव्हाच तिचा व्हिडिओ कॉल.

"ही धूळ कसली हो?"

सांगावंच लागलं.

"उंची किती धरलीत?"

"बारा मीटर."

"अहो, बारा मीटर म्हणजे चार मजले! आपली टाकी काय आकाशात लटकतेय?"

टेप पाहिली. फूट! घराचं सगळं फुटांत मोजायची सवय, टेपची तीच बाजू वाचली आणि आकडा मीटरच्या सूत्रात घातला. खरा दाब जेमतेम एक तृतीयांश बार.

"तू यावीस म्हणून केलं गं," मी म्हणालो. "करमत नाही तुझ्यावाचून."

तिने डोळे पुसले बहुतेक. मला चेव आला. म्हटलं, "आता किचनचा नळ बघतो."

"हात लावू नका! आजच तिकीट काढते."

येतेय हो ती! माझ्या ओढीने म्हणाल, तर नाही. किचन वाचवायला.