उजळ करून द्या

फोटो स्टुडिओत तिला सगळे ब्रशवाली म्हणत. कॉम्प्युटर येऊन कैक वर्षं झाली होती, ब्रश तिनं केव्हाच खोक्यात भरून माळ्यावर टाकले होते, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. शाळा सुटल्या सुटल्या ती तिथं कामाला लागली तेव्हा निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर धरायची आणि टोकदार पेन्सिलीनं, बारीक ब्रशनं मुरमं, व्रण, सुरकुत्या बुजवायच्या, असं काम असे. मालकाच्या वडिलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पोरीचा हात हलका आहे." त्या हलक्या हातानं तिनं पुढं अख्ख्या शहराचे चेहरे साफ केले. लग्नाळू मुलींचे, नोकरीच्या अर्जांचे, मेलेल्या माणसांचे.

आणि फोटो कुठलाही असो, गिऱ्हाईक दारापर्यंत जाऊन मागं वळणारच. "जरा उजळ करून द्या हं."

ती हो म्हणायची. त्यात काही वावगं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. स्वतःच्या लग्नाचा फोटोसुद्धा तिनं स्वतःच उजळ केला होता. नवऱ्यानं तो पाहून विचारलं होतं, "ही कोण बाई?" आणि दोघंही पोट धरून हसली होती. नवरा सिटी बसवर ड्रायव्हर. नणंद विधवा झाल्यापासून त्यांच्याकडेच राहत होती. तीन माणसं, दोन खोल्या आणि जेवताना चालू असणारा टीव्ही. बरं चाललं होतं.

मग तो लिफ्टवाला मेला.

मेला म्हणजे मारला. पुलापलीकडच्या वस्तीतला तरुण माणूस. त्या वस्तीतल्या लोकांचे आजे-पणजे कधीकाळी बंदराच्या कामासाठी जहाजातून आणलेले. रंगानं काळे, केस कुरळे. भाषा आता आपलीच बोलतात, शाळाही इथल्याच, तरी त्यांना अजून सगळे 'पलीकडचे'च म्हणतात. हा एका कंपनीत लिफ्ट दुरुस्त करायचा. एका मोठ्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली, तिथल्याच लोकांनी फोन केला, कंपनीनं याला पाठवलं. भरदुपारी तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडून तो काम करत होता. हातात पाना होता. समोरच्या घरातल्या ठेकेदाराच्या मुलानं दार उघडलं, त्याला पाहिलं, आत जाऊन बापाचं पिस्तूल आणलं आणि दोन गोळ्या घातल्या.

चोर वाटला, असं मुलानं सांगितलं. घाबरलो, म्हणाला.

खटला वर्षभर चालला. इमारतीचा चौकीदार पोलिसांना पहिल्या दिवशी म्हणाला होता, "मी ओळखतो त्याला, दर दोन-तीन महिन्यांनी येतो." कोर्टात उभा राहिला तेव्हा त्याला काही आठवेना. शेजारच्या बाईंनी आवाज ऐकला होता, पण मग टीव्ही मोठ्यानं चालू होता असं त्यांच्या ध्यानात आलं. निकालाची तारीख जवळ आली तोवर पोरगा सुटणार हे सगळ्या शहराला पाठ झालं होतं. चर्चा होती ती वेगळीच. दुकानं उघडी राहतील का? पलीकडचे दंगा करतील का? किराणा आधीच भरून ठेवावा का?

"त्या दिवशी बस डेपोतच ठेवणार आम्ही," नवरा जेवताना म्हणाला. "काचा फुटल्या तर कोण भरून देणार?"

"पोरगं घाबरलं हो," नणंद म्हणाली. "वहिनी, तुम्हीच सांगा. भरदुपारी तुमच्या दारात तसला माणूस उभा राहिला तर?"

"तसला म्हणजे?"

"तसला म्हणजे… आता तुम्हाला कळत नाही का?"

ब्रशवालीला कळत होतं. ती ताटं गोळा करून उठली. भांडी घासताना मात्र तिला राहून राहून वाटत होतं, त्याला फोन करून बोलावलं होतं की त्या इमारतीतल्यांनीच.

निकालाच्या आठवड्यात ठेकेदाराच्या मुलाचा मामा स्टुडिओत आला. हा मामा नुसता त्या मुलाचा नव्हता. गोड बोलून, खांद्यावर हात टाकून तो अर्ध्या शहराचा मामा झाला होता. मालकानं त्याला स्वतःची खुर्ची दिली. मामानं मोबाइलवर भाच्याचा फोटो दाखवला. चौकात लावायला मोठा बॅनर हवा होता. वर ठळक अक्षरांत लिहायचं होतं : आमचा वाघ परत आला!

"पण निकाल तर शुक्रवारी आहे ना?" तिनं विचारलं.

"ताई, बाळ जन्माला येईपर्यंत झबली शिवायची थांबतो का आपण?" मामा हसला. मालकही हसला. "कपाळावरचे डाग तेवढे काढा. आणि हा जबडा जरा आत घ्या. तुरुंगात घरचा डबा जात होता ना, अंगानं सुटलाय पोरगा. वाघ दिसला पाहिजे, बोका नको."

मालक पुन्हा हसला. ती कामाला बसली.

इतका मोठा बॅनर म्हणजे चेहरा मोठा करून, तुकड्या-तुकड्यानं साफ करावा लागतो. अख्ख्या पडद्यावर त्याचा एक डोळा पसरला होता. ती उगाच त्या डोळ्यात शोधत राहिली. काहीतरी सापडेल असं तिला वाटलं होतं, जागरणाची खूण, भीतीची खूण, काहीतरी. नव्हतं. चांगली झोप झालेल्या माणसाचा डोळा होता तो. तिनं कपाळावरचे डाग पुसले, जबडा आत घेतला, गालांवर थोडा तजेला आणला. काम संपलं. दुपारचा डबा तिनं न उघडताच पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी आली. अंगावर हॉस्पिटलच्या धुलाईखात्याचा निळा झगा, हातात एक ओळखपत्र. लिफ्ट कंपनीचं. तिनं ते काउंटरवर ठेवलं आणि ब्रशवालीनं न विचारताच ओळखलं. वर्षभर तोच फोटो पेपरात येत होता.

"हा माझा भाऊ," मुलगी म्हणाली. "याचा मोठा फोटो करून हवाय, काकू. शुक्रवारी कोर्टाबाहेर हातात धरून उभी राहणार आहे."

"करते की."

"आणि जरा उजळ करून द्याल?"

ब्रशवालीनं मान वर केली. आयुष्यभर हेच शब्द ऐकले होते आणि आज ते कानात कचकन रुतले. "कशाला गं? छान दिसतोय."

"छान दिसून काय करायचंय? टीव्हीवाले येणार, लोक बघणार. पहिल्या नजरेला लोकांनी दचकू नये, एवढंच बघा."

"हे बघ, आहे तसाच असू दे. त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

"मी लाजत नाहीये," मुलीचा आवाज चढला. "तुम्हाला बरं आहे म्हणायला. तुम्हाला बघून कुणी पिस्तूल आणायला आत पळत नाही."

ब्रशवालीनं तिला शेजारी स्टूल दिलं आणि फोटो पडद्यावर घेतला. थोडा उजळ केला. मुलगी म्हणाली, अजून. अजून केला. कपाळ, नाक, मान. भाऊ हळूहळू कुणीतरी दुसराच होत गेला, बँकेत काउंटरमागं बसणारा, कुणालाही चालेल असा.

मुलगी पडद्याजवळ सरकली.

"आईला ओळखू येणार नाही हा."

"मग पहिल्यासारखा करते. एका मिनिटाचं काम आहे."

"नको," मुलगी उठली. "आई कुठं निकाल देणार आहे."

शुक्रवारी दुकानांची शटरं अर्धी खाली होती. कोर्ट स्टुडिओपासून दोन गल्ल्यांवर. ब्रशवाली जेवणाच्या सुट्टीत तिकडं गेली. रस्ता माणसांनी भरला होता, आणि दंगा करायला आलेलं पलीकडचं कुणी त्यात दिसत नव्हतं. पायऱ्यांपाशी ती मुलगी, दोन म्हाताऱ्या बायका आणि पाच-सहा माणसं उभी होती. फोटो मुलीनं छातीशी धरला होता. बाकी गर्दी सगळी इकडचीच. ऑफिसं सोडून आलेली, हातात चहाचे कप, सामना बघायला आल्यासारखी.

आतून निरोप आला. निर्दोष. संशयाचा फायदा.

टाळ्या वाजल्या. शिट्ट्या झाल्या. कुणीतरी मोटारसायकलचा हॉर्न दाबून धरला. मुलगी जागची हलली नाही. तेवढ्यात गर्दीतल्या एका माणसाच्या काहीतरी ध्यानात आलं. सभ्य दिसणारा माणूस, इस्त्रीचा शर्ट, चष्मा. त्यानं मोबाइलवर पेपरातला जुना फोटो काढला आणि हात उंच केला.

"अहो, हा बघा खरा! आणि हिच्या हातातला बघा! भावाला गोरा करून आणलाय हिनं!"

हशा पिकला. एकानं दोन्ही फोटो एकत्र दिसतील असा मोबाइल धरून फोटो काढला. "सगळंच खोटं यांचं," कुणी म्हणालं. "मेलेल्या माणसालाही पावडर लावतात!" पुन्हा हशा. मुलीनं फोटो उलटा केला, पांढरी बाजू बाहेर, आणि तशीच उभी राहिली.

त्याच वेळी समोरच्या चौकात बॅनर वर चढत होता. दोरी ओढली तसा चेहरा उलगडला. रेखीव जबडा, स्वच्छ डोळे, गालांवर तजेला.

"तो फोटो मी केलाय," ब्रशवाली म्हणाली.

शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. "काय म्हणालात?"

"मुलीच्या हातातला फोटो मी केलाय. आणि तो बॅनरवरचासुद्धा मीच केलाय. दोन्ही मीच."

बाईनं मान वर करून बॅनर निरखला. "बॅनरचा मात्र फार सुंदर झालाय हो," ती मनापासून म्हणाली. "नंबर द्या ना तुमचा. भाचीचे फोटो काढायचेत."

ब्रशवाली तिथून निघाली ती तडक स्टुडिओत आली. ओळखपत्रावरचा फोटो कॉम्प्युटरमध्ये होताच. तिनं तो मोठा केला, काही न बदलता छापायला लावला. छपाई चालू असताना मामा आला, मागं चार-पाच पोरं. हातात मिठाईचा डबा. आभाराचा बॅनर करायचा होता, सगळ्या शहराचे आभार. त्यानं डबा तिच्यापुढं धरला.

"घ्या ताई, तोंड गोड करा. तुमचा पण हातभार आहे."

"मामा, एक विचारू?"

"शंभर विचारा."

"तुमचे वकील कोर्टात म्हणाले पोरगा घाबरला. पाना घेतलेला कामगार बघून घाबरला, म्हणून मारलं. आणि चौकात तुम्ही वाघ म्हणून लावलाय. घाबरला की वाघ? एकच काहीतरी ठरवा."

मामाचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातला ओलावा गेला. त्यानं डबा मालकाकडं सरकवला. "तुमच्या बाईंची तब्येत बरी नाही वाटतं."

"बाई, घरी जा तुम्ही," मालक घाईघाईनं म्हणाला. "उद्या बोलू."

"उद्या नाही येणार," ती म्हणाली. छापलेला फोटो पाकिटात घातला, खुर्चीवरची आपली शाल उचलली आणि बाहेर पडली. मालकाच्या वडिलांच्या वेळेपासूनची नोकरी, आणि तिला कुणी मागून हाकसुद्धा मारली नाही.

पूल ओलांडून ती इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गेली. विचारत विचारत घर सापडलं. मुलीनं दार उघडलं ते अर्धंच.

"काय आहे?"

"फोटो आणलाय. आहे तसा. आईसाठी."

मुलीनं पाकिटात डोकावून पाहिलं. "आईला त्याचा चेहरा पाठ आहे, काकू." आत या म्हणाली नाही. पाकीट मात्र घेतलं आणि दार लावलं. ब्रशवाली पायरी उतरली. तिला वाईट वाटलं, पण रागवायला जागा नव्हती.

घरी पोचली तर कोर्टाबाहेर काढलेला तो जोडफोटो तिच्या आधी पोचला होता. नणंदेनं मोबाइल पुढं केला. "बघा वहिनी, काय एकेक लोक असतात! तुमच्याच धंद्यातला कुणीतरी असणार." नवराही बघून हसला. मग तिनं सगळं सांगितलं. नवऱ्याला कळलं ते एवढंच, की नोकरी गेली.

शहर लगेच शांत झालं. 'एकदाचं मिटलं,' असं जो तो म्हणू लागला, जणू तापच उतरला होता. त्या इमारतीची लिफ्ट पुढं पुन्हा बंद पडली आणि कंपनीचा एकही माणूस तिथं जायला तयार होईना. तिथल्या लोकांनी पेपरात पत्र लिहिलं : वृद्धांना जिने चढावे लागतात, या लोकांना माज आला आहे. पेपरानं ते छापलं. सरकारनं निकालाविरुद्ध वरच्या कोर्टात अपील केलंय म्हणतात. तारीख लागलेली नाही.

ब्रशवाली आता चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा पुसते, नंबर तपासते, लोकांना आरसा धरते. मालकाचा मधे एकदा फोन आला होता. मामा निवडणुकीला उभा राहतोय, फोटो करायचाय, तुमच्यासारखा हात नाही कुणाचा. तिनं नाही म्हणून फोन ठेवला.

त्याच दिवशी जेवताना मामा टीव्हीवर आला. हात जोडलेले, हसू तेच.

"माणूस वाईट नाही तसा," नवरा भात कालवत म्हणाला. "कामं करतो लोकांची."

"ते तर आहेच," नणंद म्हणाली.

ब्रशवालीनं आपलं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी उभ्यानंच जेवली. दुसऱ्या दिवशीही तिथंच, तिसऱ्या दिवशीही. शेवटी नवऱ्यानं दारात येऊन विचारलं, "हे काय नवीन काढलंयस? आमच्यात बसायला काय झालं?"

"काही झालं नाही," ती म्हणाली. "तिथं घास घशाखाली उतरत नाही माझ्या."

त्यानं बाहेर जाऊन टीव्हीचा आवाज वाढवला.